देवळालीचा दगड, देवळालीचा पाऊस

जुलै महिन्यात मुंबईहून नाशिककडे येणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, तर कसाऱ्यापासून पुढे झोपायचं नाही. कसाऱ्याला गाडी थांबते आणि थोड्या वेळानं मागून एक दणका बसतो. घाबरू नका. गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडली जातात, त्यांचा तो दणका. या इंजिनांना बँकर म्हणतात. पुढे थळ घाट आहे आणि तिथं रूळ ३७ मीटर पुढे जाईपर्यंत १ मीटर वर चढतात. तुमच्या सायकलला हा चढ काहीच वाटणार नाही, पण आगगाडीला तो भलताच उभा. एकट्या पुढच्या इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून मागून ढकलायला हे मदतनीस.

बाहेर काय चाललेलं असतं? नुसता धबाधबा पाऊस. बोगदा, धबधबा, बोगदा, धबधबा. इगतपुरीला तर फलाटच धुक्यात हरवतो. वडेवाला दिसत नाही, नुसती त्याची आरोळी ऐकू येते. गाडी पुढे निघते. घोटीच्या आसपास भाताची खाचरं दिसू लागतात, पाऊस जरा दमानं पडू लागतो. मग पाडळी, अस्वली, लहवित अशी छोटी स्टेशनं मागे पडतात आणि देवळाली येतं. उतरून बघा. फलाट ओलसर आहे, पण छत्री उघडावी की नाही असा प्रश्न पडतो. वर ढग तर आहेत. तेच ढग! पण ते थांबायलाच तयार नाहीत. कुणीतरी मागे लागल्यासारखे पूर्वेकडे पळताहेत.

इगतपुरी ते देवळाली हे अंतर रुळांवरून चाळीसेक किलोमीटर. एवढ्याशा अंतरात पावसाला काय होतं?

आधी मोजून बघू. इगतपुरीला वर्षभरात सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे पडलेलं सगळं पाणी जागच्या जागी साठलं असतं, वाहून गेलं नसतं, मुरलं नसतं, तर घरातला छताचा पंखा पाण्यात बुडाला असता. नाशिकच्या बाजूला हाच आकडा ७०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे चौथीतल्या मुलाच्या कमरेइतकं पाणी. पंखा कुठं आणि कंबर कुठं!

याचं उत्तर आहे सह्याद्री. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा कोकण ओलांडते आणि तिच्यासमोर एकदम ही भिंत उभी राहते. वळसा घालायला जागा नाही, म्हणून ती वर चढू लागते. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे चढणारी हवा पसरते. आणि पसरणारी हवा गार होते. कोरडी हवा असेल तर दर १०० मीटरला जवळपास १ अंश सेल्सिअसनं. गार हवेत वाफ फार काळ वाफ राहू शकत नाही. तिचे बारीक थेंब होतात, तोच ढग. थेंबांना थेंब मिळतात, जड होतात आणि पडतात.

आता यातली खरी गंमत. पाणी तापवून त्याची वाफ करायला उष्णता लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग वाफेचं पुन्हा पाणी झालं की ती उष्णता जाते कुठे? ती हवेला परत मिळते! आणि ती थोडीथोडकी नसते. एक लिटर पाणी होईल एवढी वाफ ढगात थिजली, की जी उष्णता सुटते तिच्यावर सात लिटर साधं पाणी उकळी येईपर्यंत तापेल. ही उष्णता मिळालेली हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा ऊबदार राहते आणि आणखी वर चढते. आणखी चढली की आणखी गार, आणखी पाऊस, आणखी उष्णता. म्हणजे गाडीला कसाऱ्याला बँकर जोडावे लागतात, पण ढग स्वतःचा बँकर स्वतःच घेऊन घाट चढतो. माझी तर पावसाळ्यातली ही सगळ्यात आवडती गोष्ट आहे, आणि शाळेच्या पुस्तकात ती एका कोरड्या ओळीत उरकलेली असते.

इगतपुरीच्या डोक्यावर कळसूबाईची रांग आहे. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच. या रांगांवरून पलीकडे गेलेली हवा थोडी खाली उतरते. खाली उतरणारी हवा दाबली जाते आणि तापते, म्हणजे चढताना झालं त्याच्या बरोबर उलट. ढगातले बारीक थेंब पुन्हा वाफ होऊन नाहीसे होऊ लागतात. शिवाय बरंचसं पाणी तर घाटातच सांडून झालेलं असतं. म्हणून देवळालीवर येतात ते ढग अर्धेमुर्धे रिकामे. डोंगराआड पावसाचा असा तुटवडा असलेल्या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. परीक्षेत हा शब्द येतो, तेव्हा तो लहवितच्या पुढे खिडकीतून पाहिलेला असला की विसरायला होत नाही.

पण मग ही भिंत बांधली कुणी?

नाशिकहून देवळालीकडे येताना वाटेत दिसणारे डोंगर नीट पाहिलेत का? पांडवलेण्यांचा त्रिरश्मी डोंगर घ्या, किंवा देवळालीत लष्कराच्या तोफखान्याच्या मैदानापलीकडचे बहुल्याचे डोंगर. त्यांच्या अंगावर आडवे पट्टे दिसतात. एक उभा कडा, मग थोडा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. हा प्रत्येक टप्पा म्हणजे कधीकाळी इथून वाहत गेलेल्या लाव्हाचा थर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं जमीन फाटली आणि लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर पडू लागला. एका उद्रेकात नाही. पुन्हा पुन्हा, हजारो वर्षांच्या अंतरानं, लाखो वर्षं. थरावर थर साचत सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात गेली. आज झिजून झिजून उरलेलं हे दगडी आवरण सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर पसरलेलं आहे. सबंध महाराष्ट्र ३ लाखांच्या थोडा वर, म्हणजे बघा. दख्खनचे ट्रॅप म्हणतात ते हेच. आपण साध्या भाषेत काळा पाषाण म्हणतो.

घाटात कापलेल्या कड्यांमध्ये काही ठिकाणी दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी रंगाची पट्टी दिसते. ती दिसली तर शेजारच्याला कोपरानं ढोसून दाखवा. एक लाव्हा थंड झाला, पुढचा येण्याआधी बराच काळ गेला, त्या काळात वरचा दगड ऊनपावसानं कुजून त्याची लाल माती झाली. मग पुढचा लाव्हा आला आणि ती माती भाजून गाडून गेला. म्हणजे ती पट्टी ही कोट्यवधी वर्षांपूर्वीची जमीन आहे. तिच्यावर पाऊसही पडलेला आहे.

डायनोसॉर नाहीसे झाले तेही याच सुमारास. मेक्सिकोत एक मोठी उल्का पडली होती, तिनं ते मेले की इथल्या लाव्हातून निघालेल्या वायूंनीही हातभार लावला, यावर शास्त्रज्ञांचं भांडण अजून चालू आहे. त्यांना भांडू द्या, आपल्याला पुढे जायचंय.

कारण प्रश्न असा: तेव्हा देवळाली कुठं होती? तुम्ही म्हणाल, कुठं म्हणजे काय, नाशिकजवळ! चूक. आपला देश ज्या खडकाच्या प्रचंड तबकावर बसलाय, ते तबक सरकतं. त्या काळी ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला होतं. बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात की खाली खोलवर एक तप्त जागा होती. तिच्यावरून भारत उत्तरेकडे सरकत असताना ती जागा खालून जमीन वितळवत होती, आणि त्यातून हा सगळा लाव्हा आला. भारत पुढे निघून आला. ती तप्त जागा अजून तिकडेच आहे. आज तिच्यावर एक छोटंसं बेट आहे, त्याचं नाव रीयुनियन. मॉरिशसचं शेजारी. तिथला पितों द ला फूर्नेझ नावाचा ज्वालामुखी आजही धगधगतो. जगातल्या सगळ्यात उद्योगी ज्वालामुखींमध्ये त्याची गणना होते.

नकाशाची वही काढा. रीयुनियन विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २१ अंशांवर. देवळाली उत्तरेला जवळजवळ २० अंशांवर. विषुववृत्ताच्या रेषेवर नकाशा दुमडला तर दोन्ही जवळपास एकाच उंचीवर येतील! आपल्या पायाखालचा दगड ४१ अंश सरकत इथवर आलाय, म्हणजे सुमारे साडेचार हजार किलोमीटर. एके काळी त्याचा वेग वर्षाला १५ सेंटिमीटरपर्यंत होता. पुढे भारत आशियाला धडकला, हिमालय उभा राहिला आणि वेग मंदावला. आता तो वर्षाला ५ सेंटिमीटरच्या आसपास आहे. आत्ता, हे वाचतानाही, आपण थोडे उत्तरेला सरकलो.

नकाशा बंद करू नका, कारण आता पावसाचं मूळ शोधायचंय.

इगतपुरीला कोसळणारा पाऊस कुठून येतो? अरबी समुद्रावरून, हे खरं, पण अपुरं. त्या वाऱ्याचा माग काढत मागे मागे गेलं तर तो केरळसमोरून, तिथून सोमालियाच्या किनाऱ्यावरून, तिथून विषुववृत्त ओलांडून पार दक्षिण हिंदी महासागरात जातो. आपल्या उन्हाळ्यात तिकडे हिवाळा असतो. समुद्रावरची गार, जड हवा तिथं साचते आणि तिचा दाब वाढतो. इकडे राजस्थान, पाकिस्तानातली जमीन तापून दाब उतरलेला असतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे हवा वाहायची, हा तिचा स्वभावच. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरते आहे, त्यामुळे वारा सरळ येत नाही. विषुववृत्त ओलांडलं की तो उजवीकडे वळतो आणि नैर्ऋत्येकडून आपल्यावर येतो. म्हणून तो नैर्ऋत्य मोसमी वारा. सोमालियाजवळ तर त्याचा एक जोरदार झोत बनतो; जमिनीपासून दीडेक किलोमीटर उंचीवर तो सगळ्यात वेगानं धावतो.

आणि दक्षिण हिंदी महासागरातल्या जास्त दाबाच्या त्या भागाला म्हणतात मॅस्करीन हाय. मॅस्करीन हे एका बेटांच्या समूहाचं नाव. त्यात मॉरिशस आहे, रॉड्रिग्ज आहे, आणि... बरोबर. रीयुनियन!

म्हणजे बघा हं. ज्या परिसरात आपला दगड जन्मला, त्याच परिसरातून आपला पाऊस निघतो. भिंत आधी आली, कोट्यवधी वर्षं घेत. वारा दरवर्षी येतो, काही दिवसांत. आणि तो येऊन आदळतो कशावर? तर त्याच्याच गावाहून पूर्वी निघालेल्या दगडावर. हा योगायोगच आहे, त्यात कुणाची योजना नाही. पण असला योगायोग मला दुसरा माहीत नाही. शिवाय एक धागा योगायोगाचा नाहीच: भारताचं ते तबक उत्तरेला आलं म्हणून हिमालय उठला, आणि हिमालय व तिबेटचं पठार यांच्यामुळे मोसमी पावसाला आजचा जोर आला. ही खडकाची तबकं हलली नसती तर ढगही असे हलले नसते.

मग हा वारा दरवर्षी वेळेवर का येत नाही? हाच प्रश्न एका इंग्रज गणितज्ञाला पडला होता. त्याचं नाव गिल्बर्ट वॉकर. तो १९०४ साली भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. (त्याला बूमरँग फेकायचा भारी नाद होता, केंब्रिजमध्ये त्याचं टोपणनावच बूमरँग वॉकर पडलं होतं. गणितवाले कंटाळवाणे असतात असं म्हणणाऱ्यांना हे सांगा.) तेव्हा संगणक नव्हते. वॉकरनं कारकुनांची फौज बसवली आणि जगभरातले हवेच्या दाबाचे, पावसाचे, तापमानाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. त्यातून एक विचित्र गोष्ट दिसली: प्रशांत महासागराच्या एका बाजूला दाब चढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, आणि या चढउताराचा भारतातल्या पावसाशी संबंध आहे. पुढे १९६०च्या दशकात हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी हे कोडं दक्षिण अमेरिकेतल्या पेरूसमोरच्या समुद्राशी जोडलं. तिथलं पाणी काही वर्षांनी नेहमीपेक्षा गरम होतं, त्याला एल निनो म्हणतात. एल निनो आला की आपल्याकडे पाऊस रुसण्याची शक्यता वाढते.

घरात आजीआजोबा असतील तर त्यांना ७२च्या दुष्काळाबद्दल विचारा. १९७२ साली एल निनो होता. महाराष्ट्रात रस्त्यांची, तलावांची कामं काढून लाखो माणसांना मजुरी द्यावी लागली होती. तेव्हा खायला वाटलेली सुकडी खाल्लेली माणसं अजून सापडतील. पण थांबा, एल निनो म्हणजे दुष्काळच, असंही नाही. १९९७चा एल निनो त्याहून दांडगा होता आणि त्या वर्षी देशात पाऊस चांगला पडला. म्हणून हवामानवाले "शक्यता" म्हणतात तेव्हा त्यांना हसू नका. त्यांच्या हिशेबात पेरूपासून मॅस्करीनपर्यंतचे सगळे समुद्र धरावे लागतात.

असो. पाऊस पडला. आता पाण्याचं काय होतं?

इथं पुन्हा दगड मधे येतो. सह्याद्रीचा कडा अरबी समुद्राकडे उभा तुटलेला, आणि पाठीमागचं पठार पूर्वेकडे हळूहळू उतरत गेलेलं. त्यामुळे गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर जन्मते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, पण ती तिकडे जात नाही. ती चक्क उलट दिशेला निघते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. दारणा ही तिचीच उपनदी. ती इगतपुरी तालुक्यात कुलंगगडाच्या बाजूला उगम पावते, भगूर आणि देवळालीजवळून वाहते आणि पुढे गोदावरीला मिळते. अरबी समुद्रातून उचललेलं पाणी पार पलीकडच्या समुद्रात नेऊन टाकणारा हा उद्योग कोट्यवधी वर्षं चालू आहे.

पूर्वेकडे जाणाऱ्या या पाण्याला माणसानं मध्येच अडवलं. दारणा धरण शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, इंग्रजांच्या काळात बांधलं. पाऊस पडतो घाटात, शेतं आहेत पुढच्या कोरड्या मुलखात, म्हणून हे धरण. त्यानंतर जे झालं ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं. नदीला बारमाही पाणी आलं, म्हणून काठानं ऊस आला. ऊस पुरुषभर उंच, दाट, आणि बरेच महिने तसाच उभा. आत गारवा, बाजूला पाणी, आसपास कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवं? बिबट्याच्या माद्या उसात पिल्लं घालू लागल्या. त्या पिल्लांना जंगल माहीतच नाही; ती उसातच वाढतात. दारणाकाठच्या गावांत बिबट्यानं माणसांवर हल्ले केल्याच्या बातम्या तुम्ही ऐकल्या असतील. वाईटच गोष्ट आहे ती. पण बिबट्या "गावात शिरला" असं आपण म्हणतो, तेव्हा घाटातला पाऊस, धरण आणि ऊस यांची रांगच्या रांग त्याच्या मागे उभी असते, ती कुणी दाखवत नाही.

आणखी खाली नांदूर मध्यमेश्वरला काय झालं पाहा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, निफाड तालुक्यात, कालव्यांसाठी एक बंधारा बांधला. नद्यांनी दगड झिजवून आणलेला गाळ त्यात साचत गेला. बंधाऱ्याच्या दृष्टीनं हे नुकसानच. पण गाळामुळे पाणी उथळ झालं, पाणवनस्पती वाढल्या, मासे आले, किडे आले, आणि हिवाळ्यात मध्य आशिया, सैबेरियाकडून बदकं आणि करकोचे उतरू लागले. आज ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र आहे, म्हणजे जगानं मान्य केलेली महत्त्वाची पाणथळ जागा. इंजिनिअरची डोकेदुखी, पक्ष्यांची चैन. त्यापुढे पैठणच्या जायकवाडी धरणाला किती पाणी सोडायचं यावरून नाशिक आणि मराठवाडा यांची दर काही वर्षांनी जुंपते, पण ते मोठ्यांचं भांडण. तेही शेवटी इगतपुरीत किती पडला यावरच येऊन थांबतं.

कमी पाऊस म्हणजे नुसता तोटाच, असं मात्र समजू नका. देवळाली कॅम्प आज जसं आहे ते त्या कोरडेपणामुळेच. १८६५ साली थळ घाटातून आगगाडी वर आली. मुंबईत बोटीतून उतरलेल्या गोऱ्या सैनिकांना घाट चढवून इथल्या छावणीत आणून ठेवत. पुढे मुंबईच्या पारशी आणि गुजराती मंडळींनी इथं सॅनिटोरियम बांधली. क्षयावर औषध नव्हतं त्या काळात कोरडी, मोकळी हवा हाच मोठा उपचार मानला जाई. मुंबईच्या पावसाला कंटाळलेली माणसं चार महिने इथं येऊन राहत. साडेपाचशे मीटर उंची आहे म्हणून गारवा, आणि घाट पाऊस अडवतो म्हणून कोरडेपणा. दोन्ही लाव्हाची देणगी. आणि मोकळं माळरान पुष्कळ, म्हणून तोफखाना! लष्कराची स्कूल ऑफ आर्टिलरी इथंच आहे.

तोफांवरून आठवलं. कॅम्पातल्या मुलांना तोफेचा आवाज नवा नाही. पण थंडीच्या सकाळी तो एरवीपेक्षा लांबवर जातो, यामागे काय आहे? हिवाळ्यात हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता सरळ वर फेकून देते, अडवायला ढग नाहीत. जमिनीलगतची हवा इतकी गार होते की तिच्यापेक्षा वरची हवाच ऊबदार राहते. आवाज ऊबदार हवेत जरा जोरात धावतो, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो, आकाशात हरवत नाही. याच कारणानं निफाडला पारा एवढा खाली जातो की द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट आली की विचारूच नका. त्या लाटेच्या आधी बहुतेकदा भूमध्य समुद्राच्या बाजूनं आलेलं एखादं वादळी हवामान हिमालयात बर्फ टाकून गेलेलं असतं. पावसाळ्यात रीयुनियनचा शेजार, हिवाळ्यात भूमध्य समुद्राचा. आपण राहतो कुठं, असा प्रश्न पडावा.

आता शेवटी एक प्रयोग. त्यासाठी पांढरा, ओबडधोबड, बोराएवढा खडा लागेल. काळ्या मातीच्या शेतात, विहिरीच्या काढलेल्या मातीत किंवा नदीकाठच्या दरडीत असे खडे सापडतात. शेतकरी त्यांना चुनखडी म्हणतात. (नदीकाठी मोठ्या माणसाबरोबर जायचं, बिबट्याचं सांगितलंच आहे. आणि तोफखान्याच्या हद्दीत पाऊलसुद्धा टाकायचं नाही, मग खडा कितीही छान दिसो.) खडा धुऊन बशीत ठेवा आणि त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतील, फसफसेल. कान जवळ नेला तर चुरचुर ऐकूही येईल.

ते बुडबुडे कार्बन डाय ऑक्साइडचे. दगडात हा वायू आला कसा? पावसाचं पाणी पडताना हवेतला हा वायू थोडासा विरघळवून घेतं. जमिनीत मुळं आणि जिवाणू श्वास सोडतात, तिथं तो आणखी मिळतो. पाणी किंचित आंबट होतं आणि काळ्या पाषाणाला हळूहळू कुरतडतं. दगडाची होते काळी माती, हीच ती उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी. दगडातलं कॅल्शियम पाण्यात उतरतं. इगतपुरीत पाऊस एवढा की ते कॅल्शियम धुऊन निघून जातं, म्हणून तिथल्या शेतात असा खडा मिळणं कठीण. देवळालीच्या बाजूला पाणी मध्येच आटतं, आणि कॅल्शियम आणि तो वायू मिळून मातीतच पांढरे खडे होतात. उरलेलं दारणा घेऊन जाते, गोदावरीला देते, ती समुद्राला देते, आणि तिथं शिंपले त्याची कवचं बनवतात. कधीकाळी लाव्हानं हवेत भसाभसा सोडलेला वायू आता त्याच लाव्हाचा दगड कणाकणानं परत घेतोय. हवेतला हा वायू कमी झाला की पृथ्वी थोडी गार राहते. मात्र दगडाचं काम फार सावकाश चालतं, कोळसा आणि पेट्रोल जाळण्याचा आपला वेग त्याला गाठता येणार नाही.

लिंबू पिळूनही खडा गप्प राहिला तर तो चुनखडी नाही. नीट पाहा, तो अर्धपारदर्शक आहे का? सपाट, चमकदार बाजू आहेत का? मग ती गारगोटी असेल, किंवा लाव्हातल्या वायूच्या पोकळीत पाण्यानं सावकाश घडवलेला झिओलाइटचा स्फटिक. पांडवलेण्यांजवळच्या खाणीतले असले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसलेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तर ते खोल्या भरून आहेत. पुढच्या सुट्टीत तिकडे जायचा हट्ट धरा, आणि आपला खडा खिशात घेऊन जा, तिथल्यांशी ताडून बघायला.